माळ्यावरची वेताची खुर्ची

दुपारची भांडी आवरून रेडिओ लावला असेल, तर पाच मिनिटं जागेवरून उठू नका. आणि उठलातच, तर शिडी लावून माळ्यावर एकदा डोकावून या. कारण आज आम्ही बोलणार आहोत ते त्या माळ्यावर पडलेल्या खुर्चीबद्दल. बसायची जागा फाटलेली, हातांवर धुळीचा थर, वर कुणीतरी सुपं आणि जुन्या गोधड्या रचून ठेवलेल्या. सावंतवाडीकडच्या आमच्या गावात दहापैकी सहा-सात जुन्या घरांत अशी एखादी तरी वेताची खुर्ची आहेच. टाकवत नाही आणि बसवतही नाही.

आमचा बचत गट बारा जणींचा. महिन्याला शंभर रुपये बचत, थोडं अंतर्गत कर्ज, कोकम आगळ, आंबोशी, कुळथाचं पीठ, हे सगळं आम्हीही केलं. ते करणारे गट तालुक्यात इतके झाले की प्रदर्शनात शेजारी शेजारी बसून आम्हीच एकमेकींचं आगळ विकत घ्यायचो. तेव्हा काहीतरी वेगळं करूया म्हणून वेताच्या खुर्च्या दुरुस्त करायचं ठरलं. शिकून ठरलं असं मात्र नाही. आमच्यातल्या एकीने मोबाइलवर कुणीतरी खुर्ची विणताना पाहिलं होतं, आणि आम्हाला वाटलं, टोपली विणता येते तर खुर्ची का नाही येणार.

पहिली खुर्ची आली ती वरच्या वाडीतल्या काकींची. लांब हातांची आरामखुर्ची, लाकूड शिसवी, काकींच्या सासऱ्यांची. त्यांचा मुलगा मुंबईत असतो, गणपतीला येतो. तो लहान असताना याच खुर्चीत आजोबांच्या पोटावर झोपायचा म्हणे. काकींची इच्छा एवढीच, की यंदा चतुर्थीला तो येईल तेव्हा खुर्ची ओटीवर असावी. खरं सांगायचं तर त्या खुर्चीला फार काही झालं नव्हतं. मध्ये झोळ पडला होता, दोन-तीन पट्ट्या कडेला तुटल्या होत्या आणि रंग काळपट पडला होता.

आम्ही काय केलं? धुण्याचा सोडा आणि ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी ब्रशाने घासून घासून लावलं, खुर्ची रात्रभर ओलीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मे महिन्याच्या भर उन्हात खळ्यात वाळत टाकली. सकाळी अकरापर्यंत खुर्ची अशी पिवळीधमक दिसायला लागली की आम्ही फोटो काढले. दुपारी जेवताना खळ्यातून आवाज यायला लागला. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. बाहेर जाऊन बघतो तर वेताच्या पट्ट्या एकेक करून तुटत होत्या, आणि मागच्या पायाचा सांधा उकलला होता.

त्या रात्री गटाची बैठक झाली. दोघी-तिघींचं म्हणणं, काकींना सांगायचं की वेत आधीच कुजलेला होता. कुणाला कळणार होतं? पण खुर्ची काकींनी स्वतः पुसून आमच्याकडे दिली होती, तिची प्रत्येक पट्टी त्यांना ठाऊक. आणि गावात एकदा हात खोटा ठरला की पुढे आगळसुद्धा कोण घेणार नाही. शेवटी आम्ही चौघी गेलो आणि जे झालं ते सांगितलं. काकी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मोडलात ता मोडलात, पण लपवलात नाय ह्या बरा केलात. आता चतुर्थीक माका खुर्ची होयी." म्हणजे सुटका नाहीच.

शोधता शोधता शेजारच्या गावात एक आजोबा सापडले. वय ऐंशीच्या पुढे, लहानपणी देवी आल्या त्यात दृष्टी गेली. तरुणपणी मुंबईत एका संस्थेत खुर्च्या विणायला शिकले आणि पुढे सरकारी कचेऱ्यांच्या, शाळांच्या खुर्च्या विणत त्यांचा संसार झाला. अंधांना हे काम शिकवायची पद्धत जुनी आहे, आपल्याकडेही आणि बाहेरच्या देशांतही, कारण यात डोळ्यांपेक्षा बोटांचं काम जास्त. आम्ही आमची फुटकी खुर्ची टेंपोत घालून त्यांच्या अंगणात नेली. त्यांनी तळव्याने सगळी बैठक चाचपली, आणि पहिला प्रश्न केला, "उन्हात कोणी घातल्यानी?"

शिकवायला ते तयार झाले, पण रोजाने. सुताराला देता तेवढा रोज द्या म्हणाले. आमच्यात कुरबुर झाली, म्हाताऱ्या माणसाला पैसे कशाला हवेत, पुण्याचं काम आहे वगैरे. आजोबांनी एवढंच सांगितलं, "फुकट शिकवलेला काम कोण मनावर घेणा नाय." आज मागे वळून बघताना आम्हाला वाटतं, गटाने अंतर्गत कर्जातून जे सर्वांत शहाणपणाचे पैसे काढले ते हेच.

आता त्यांच्याकडून जे शिकलो ते तुम्हाला सांगतो.

आधी वेत म्हणजे काय ते. बांबू आणि वेत आपण एका दमात बोलतो, पण दोन्ही वेगळे. बांबू हे गवत, आतून पोकळ. वेत ही माडा-पोफळीच्या जातीतली वेल, अंगभर काट्यांची, मोठ्या झाडांचा आधार घेत वर चढणारी, आणि आतून भरीव. म्हणून वाफेवर किंवा आचेवर तापवला की वेत वळतो आणि वळलेला तसाच राहतो. वेताची वरची चकचकीत साल पातळ पट्ट्यांत काढतात, तिने खुर्चीची जाळी विणतात. आतला गाभा गोल काड्यांसारखा काढून त्याच्या टोपल्या, मोडे, पाळणे होतात. चकचकीत सालीतून पाणी आत शिरत नाही. मागची बाजू मात्र पाणी पिते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं आहे.

आपल्या सह्याद्रीतही वेत होतो, पण जंगलातून मनाला येईल तसा तोडून आणायचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात वेत गौण वनउपजात धरला आहे, त्यामुळे ज्या गावांना त्या कायद्याखाली हक्क मिळाले आहेत त्यांची गोष्ट वेगळी. आम्ही तयार पट्टी विकत आणतो. पूर्वी इंडोनेशियातून कच्चा वेत बराच बाहेर जायचा, त्यांनी २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात बंद केली, आपल्या माणसांनी तिथेच फर्निचर करावं म्हणून. आपल्याकडे आसाम आणि ईशान्येकडचा वेत येतो. दुकानदार "एक नंबर, परदेशी" म्हणून काहीही गळ्यात मारतो, तेव्हा पट्टी बोटाभोवती गुंडाळून बघा. कोरडी असतानाही थोडी वाकली पाहिजे, तिचे धागे उभे राहता कामा नयेत, आणि एका पट्टीची रुंदी सगळीकडे सारखी हवी.

आता तुमची खुर्ची खाली उतरवा आणि उलटी करा. खालून बघितल्याशिवाय काही कळत नाही. चौकटीच्या कडेने ओळीने भोकं दिसली, त्यांतून पट्ट्या वरखाली गेलेल्या असल्या, तर ती हाताने विणलेली. भोकं नसतील आणि कडेने एक खाच, त्यात बोटभर नव्हे पण काडीएवढी गोल पट्टी ठोकून बसवलेली असेल, तर ती तयार जाळी, कापडासारखी ठाणात मिळते ती. हाताने विणलेली खुर्ची दुरुस्त करायला वेळ लागतो, तयार जाळी बदलायला अर्धा दिवस पुरतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी. ती उन्हात कडक होते, मांडीला चिकटते, आणि तुटली की तिला काही उपाय नाही. शिसवी खुर्चीवर प्लॅस्टिक विणलेलं बघितलं की आम्हाला नऊवारीवर रेनकोट घातल्यासारखं वाटतं. हे आमचं मत, कुणी रागावू नये.

सफाईचं सांगतो. आधी कोरडी धूळ काढायची, जुन्या दात घासायच्या ब्रशने किंवा रंगाच्या मऊ ब्रशने, जाळीच्या दोन्ही बाजूंनी. धूळ काढायच्या आधी पाणी लावलं तर चिखल होतो आणि भोकांत बसतो. मग रिठ्याचं पाणी, नाहीतर अगदी पातळ साबणाचं पाणी, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळून पुसायचं. लगेच साध्या ओल्या फडक्याने साबण काढायचा आणि खुर्ची सावलीत, वारा लागेल अशी ठेवायची. नळीने पाणी मारायचं नाही. धुण्याचा सोडा नको, ब्लीच नको, हे तर आम्ही किंमत मोजून शिकलो. ब्लीचने वेताचा पिवळेपणा येतो खरा, पण त्याबरोबर चिवटपणा जातो. वेत जुना झाला की मधासारखा, पुढे चहासारखा तपकिरी होतो. तो मळ नाही, तो त्याचा रंग आहे.

पावसाळ्यात पांढरी-हिरवी बुरशी येते. आपल्याकडे चार महिने भिंतीच घाम गाळतात, तिथे खुर्चीचं काय. बुरशी घरात झाडू नका. नाकाला पदर बांधा, पडवीत नेऊन कोरड्या ब्रशने काढा, मग पांढरा व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन त्या पाण्याचं पिळलेलं फडकं फिरवा आणि पंख्याखाली वाळवा. पावसात खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची नाही, वीतभर पुढे घ्यायची. आणि माळ्यावर प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवलेली खुर्ची ही बुरशीची पेरणीच समजा. जुन्या चादरीत गुंडाळा.

झोळ पडलेल्या बैठकीचा उपाय ऐकलात तर तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच. पण एक अट आहे, पट्ट्या तुटलेल्या नसाव्यात. खुर्ची उलटी करायची. कढत पाण्यात टर्किशचा टॉवेल भिजवून, पिळून, जाळीच्या खालच्या बाजूवर पसरायचा. थंड झाला की पुन्हा गरम. साधारण अर्धा तास. मग टॉवेल काढून खुर्ची सरळ करायची आणि सावलीत एक रात्र, जमल्यास पूर्ण दिवस, वाळू द्यायची. तोवर त्यावर कुणी बसायचं नाही, मांजरसुद्धा नाही. भिजलेला वेत ढिला होतो आणि वाळताना ओढून घेतो, ढोलकीच्या पानासारखी बैठक घट्ट होते. आमच्यातली एक पहिल्यांदा हे करायला गेली आणि वरून, चकचकीत बाजूने पाणी मारत बसली. आजोबांना पाण्याच्या आवाजावरूनच कळलं. "अगो बाये, पाणी वयरसून नको मारू, पोटाखालसून मार." आता आमच्या गटात कुणी एखाद्या कामाला चुकीच्या बाजूने हात घातला की बाकीच्या हेच वाक्य म्हणतात, हिशेबाच्या वहीलाही.

काकींची खुर्ची मे महिन्यात आली तेव्हा तिला एवढ्याच उपायाची गरज होती, आणि कडेच्या दोन-तीन पट्ट्यांची. हे आम्हाला जूनमध्ये कळलं.

आता नव्याने विणायचं कसं. रेडिओवरून विणकाम शिकवता येत नाही, पण रस्ता सांगता येतो. जुना वेत कापून काढायचा, पण आधी कागदावर लिहून ठेवायचं, पुढे किती भोकं, मागे किती, बाजूला किती. काकींच्या खुर्चीला एकूण १६८ भोकं होती. प्रत्येक भोक टोच्याने मोकळं करायचं. सांधे हलत असतील तर सुताराकडून आधीच चिकटवून घ्यायचे, कारण विणलेला वेत चौकट ओढतो आणि ढिला सांधा आणखी ढिला होतो. पट्टी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायची. विसरून रात्रभर ठेवली तर काळवंडते. बांबूच्या दहा-बारा बारीक खुंट्या तासून ठेवायच्या, पट्टी भोकात अडकवून धरायला.

पहिली फेरी पुढून मागे, चकचकीत बाजू वर. मधल्या भोकापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जायचं म्हणजे तिरपेपणा येत नाही. दुसरी फेरी डावीकडून उजवीकडे, नुसती पहिलीवर ठेवत जायची, विणायची नाही. तिसरी फेरी परत पुढून मागे, त्याच भोकांतून, पण पहिलीच्या जरा बाजूला आणि सगळ्यांच्या वर. खरं विणकाम चौथ्या फेरीत सुरू होतं. ही आडवी पट्टी एका उभ्या पट्टीच्या खालून आणि तिच्या जोडीदारणीच्या वरून जाते, आणि इथे उभ्या-आडव्या जोड्या घट्ट बसून चौकोन दिसायला लागतात. या पहिल्या फेऱ्या फार ताणायच्या नाहीत. नवीन बाई सगळा जोर इथेच लावते, मग पुढच्या पट्ट्या घालायला जागाच उरत नाही, आणि वाळल्यावर वेत स्वतःहून ताणतो तो निराळाच.

पाचवी आणि सहावी फेरी तिरप्या. एक तिरपी उभ्या जोडीच्या वरून आणि आडव्या जोडीच्या खालून, दुसरी विरुद्ध कोपऱ्यातून आणि बरोबर उलट. बरोबर चाललं असेल तर पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी सरकते. चुकलं असेल तर कोपऱ्यावर करकरते, अडते, तिच्या कडा सोलतात. आजोबा याच करकरीवर कान ठेवून बसायचे. दोन्ही तिरप्या झाल्या की चौकोनाचे कोपरे भरून अष्टकोन होतो, तीच ती आपल्या ओळखीची जाळी. शेवटची, सातवी फेरी कडेची. जरा रुंद पट्टी भोकांवरून झाकत न्यायची आणि बारीक पट्टीने तिला भोकाभोकातून टाचायचं. गाठी सगळ्या खाली.

साध्या जेवणाच्या खुर्चीची बैठक अशी विणायला आम्हाला आता दहा-बारा तास लागतात. पहिल्या खुर्चीला किती लागले ते विचारू नका. सराव म्हणून आजोबांनी आम्हाला जुन्या खिडकीच्या चौकटीवर भोकं पाडून दिली होती. ती आम्ही जून-जुलै दोन महिने विणली आणि उसवली, विणली आणि उसवली. बाहेर लावणी चालू. सकाळी शेतात, दुपारी चिखलाचे पाय धुऊन वेताला. बोटांच्या टोकांना चिरा पडायच्या. रात्री भाकरी थापताना चुरचुरायचं. घरची माणसं विचारत, यातून मिळणार किती? तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर आजोबांनीच दिलं. भोकं मोजून दर लावा म्हणाले. खुर्ची लहान-मोठी, गिऱ्हाईक गरीब-श्रीमंत, घासाघीस, सगळं त्यात मिटतं. आज आमचा दर भोकाला १४ रुपये आहे. ७६ भोकांची खुर्ची असेल तर १०६४ रुपये. त्यात पट्टीचे तीनशे गेले की बाराएक तासांच्या कामाचे ७६४ उरतात, म्हणजे तासाला साधारण ६४ रुपये. कुणाला हे जास्त वाटतं. एक गृहस्थ म्हणाले, एवढ्यात प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या येतात. आम्ही म्हटलं, येतात की, घ्या. यापूर्वी आम्ही आगळाच्या बाटलीचा भाव सांगताना मान खाली घालायचो.

तसं बघितलं तर वेताच्या खुर्चीला जगात कमी मान नाही. सतराव्या शतकात इथल्या आणि पूर्वेकडच्या व्यापाराबरोबर ही विणकामाची कला युरोपात गेली. मिखाएल थोनेट यांची १८५९ सालची वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची चौदा नंबरची खुर्ची तर जगभर पोचली. आपल्या मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या गोल पाठीच्या खुर्च्या तिच्याच भाऊबंद. आणि चंडीगढची गोष्ट ऐका. शहर वसवताना पिएर जानरे यांनी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या. पुढे त्या मोडक्या म्हणून अंगणात ढीग लावून भंगारात निघाल्या, आणि तिथून परदेशच्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. २०११ मध्ये केंद्र सरकारला त्या विकायला बंदी घालावी लागली. ज्याने भंगारवाल्याला विकल्या त्याला किलोवर पैसे मिळाले असतील.

कीड राहिलीच. खुर्चीखाली सकाळी मैद्यासारखी बारीक पूड दिसली तर भुंगा लागला समजा. वेतात पिष्ट असतं, त्याच्यासाठी तो येतो. आधी ती खुर्ची बाकी लाकडी सामानापासून दूर करा. जाळीला लागला असेल तर वाचवत बसू नका, कापून जाळून टाका. चौकटीला असेल तर बोरिक पावडर आणि टाकणखार कोमट पाण्यात विरघळवून, पॉलिश नसलेल्या भागावर दोन-तीन वेळा ब्रशने लावा, भोकांत सिरिंजने सोडा, हातमोजे घालून आणि मुलांना लांब ठेवून. काही जणी रॉकेल लावतात. चूल पेटलेल्या घरात आम्ही ते कुणाला सांगणार नाही. आपल्या आज्या टोपल्या-रोवळ्या चुलीच्या धुरावर टांगायच्या, त्यांना कीड लागायची नाही. आता गॅस आला आणि धूर गेला.

पॉलिशबद्दल थोडक्यात. जाळीवर जाड व्हार्निश नको, बसल्यावर जाळी लवते आणि व्हार्निश तडकतं. चकचकीत बाजूला तसंही काही लागत नाही. चौकटीला लाखेचं पॉलिश किंवा जवसाचं तेल चांगलं. पण जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर मोकळी पसरून वाळवा, मगच टाका. हे आम्ही गटाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय.

आणि रोजचं म्हणाल तर बैठकीवर उभं राहायचं नाही. पंखा पुसायला, देवाची तसबीर लावायला आपण पटकन खुर्चीवर चढतो, एका टाचेवर सगळा भार येतो आणि तिथूनच पहिली पट्टी जाते. गुडघाही टेकायचा नाही. मार्च ते मे महिन्यातून एकदा खालून ओलसर फडकं फिरवायचं. मुंबईला एसीच्या खोलीत खुर्ची असेल तर बारा महिने. एक पट्टी तुटली तर त्याच आठवड्यात दाखवा, कारण तिचा भार शेजारणीवर जातो, मग तिच्या शेजारणीवर.

काकींची खुर्ची चतुर्थीच्या पाच दिवस आधी पूर्ण झाली. सगळ्यांच्या माना धरलेल्या. आजोबांना रिक्षाने आणलं. ते शेजारी बसले आणि बोटं फिरवायला लागले, डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश, पोथी वाचावी तशी. पाठीच्या भागात एका जागी बोट थांबलं. "हयसर चुकला." आम्ही वाकून बघितलं, दिसेना. दुसऱ्या तिरप्या फेरीत एक पट्टी खालून जायच्या ऐवजी वरून गेली होती, एकाच जागी. आमच्यातली एक म्हणाली, आजोबा, हे डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ते हसले. "माका दिसणा नाय, पण बोटांका दिसता. आणि वेताक म्हायत आसा." ती पट्टी तिथे घासून आधी तुटणार, असं त्यांचं म्हणणं.

पाच दिवस. घराघरात रंग, माटवी, करंज्या, लाडू. कडेची पट्टी अर्धी सोडायची, तिरप्या सतरा पट्ट्या काढायच्या. आमच्यात भांडण झालं, खरं सांगतो. दोघी उठून घरी गेल्या. उरलेल्यांनी उसवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या दोघीही परत आल्या, एकीने डब्यातून करंज्या आणल्या होत्या.

हरतालिकेच्या संध्याकाळी खुर्ची काकींच्या ओटीवर ठेवली. पैसे फक्त पट्टीचे घेतले, मजुरी नाही, नुकसान आमच्या हातून झालं होतं. काकींनी ओट्यावरून खाली यायच्या आधी हात पुसले, खुर्चीच्या हातावर हात ठेवला, आणि मुलगा यायची वाट न बघता स्वतःच बसल्या. मग म्हणाल्या, लग्न होऊन या घरात आले त्याला पंचावन्न वर्षं झाली, या खुर्चीत आज पहिल्यांदा बसले. सासरे असताना कोण बसणार, आणि नंतर ती माळ्यावर गेली.

आता आमच्याकडे कामाला तोटा नाही. गोव्याच्या हद्दीपलीकडच्या जुन्या घरांतूनही खुर्च्या येतात, सहा-सहा एकदम. बारा जणींपैकी सात जणी विणतात, दोघी फक्त भोकं साफ करतात आणि हिशेब ठेवतात. आजोबांना आता बसवत नाही फार वेळ, आठवड्यातून एकदा आम्हीच तयार खुर्ची त्यांच्या घरी नेतो तपासायला. त्याचा रोज त्यांना मिळतो.

तुमची खुर्ची आणायची असेल तर मंगळवारी किंवा शुक्रवारी दुपारी दोननंतर गटाच्या खोलीवर आणा. धुवून आणू नका. नुसती धूळ झटका आणि आहे तशी आणा.